गोडसर

टेबलावर छत्तीस गळ होते. आर्लिसने स्वयंपाकघरातच शिसं वितळवून, साच्यात ओतून प्रत्येक गळाला वाटाण्याएवढं डोकं केलं होतं. त्यांतल्या एकवीस गळांवर त्याच्या सुनेने, ओलेटाने, पिवळी लोकर बांधली होती. ट्राउट माशांचा हंगाम चार दिवसांवर आला होता आणि ओलेटाला सातवा महिना लागला होता.

"अगं, चिमटा घे की! गळाचं डोकं दातांत काय धरतेस?"

"चिमट्याने दोन होतात तेवढ्यात माझे पाच होतात, बाबा. शिवाय हे गोडसर लागतं."

"एकेकीचे डोहाळे! तुझी सासू कपड्यांची खळ खायची."

"मग मी बरी म्हणायची."

ती हसली आणि तिने पोट दाबून धरलं. महिनाभर पोटात कळा येत होत्या, चेहरा पांढरा पडला होता. पोटुशी बाई आहे, असं व्हायचंच, असं घरात सगळे म्हणत. परवा दवाखान्यातल्या नर्सने मात्र तिच्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहिली आणि तपासणीसाठी रक्त काढून घेतलं.

फोन वाजला तेव्हा बाविसावा गळ ओलेटाच्या दातांत होता. तो काढून, नर्स सांगेल ते ती लोकरीच्या गुंड्यावरच्या कागदावर लिहीत गेली. आर्लिसने तिच्या खांद्यावरून वाचलं.

रक्तातलं शिसं. असायला हवं पाचच्या आत. आहे एकसष्ट.