कुणालाच सांगायचं नाही

“वंदू, कार्ड चालत नाही!” गिरधरकाका फिलिपिन्सहून फोनवर ओरडत होते. “मशीन घेतच नाही. अन् पैसे भरल्याबिगर हे लोक तुह्या बापाले आत नेत नाहीत.”

वंदनाच्या हातातला डबा ओट्यावरच राहिला. केळीच्या बागा बघायला काकांबरोबर तिकडे गेलेल्या शेतकऱ्यांत तिचे बाबाही होते. सकाळी त्यांच्या छातीत कळ आली, आणि आता ते तिथल्या दवाखान्यात स्ट्रेचरवर पडून होते. डॉक्टर म्हणत होता, थांबायला वेळ नाही.

तिनं त्या कार्डाचं अ‍ॅप उघडलं. बाबांच्या प्रवासाचे सगळे पैसे तिनंच त्यात भरले होते. डॉलरचा भाव बँकेपेक्षा बरा होता, आणि घरबसल्या काम होत होतं. पडद्यावर एकच ओळ: कंपनीची चौकशी सुरू असल्यामुळे सर्व कार्डे बंद. हेल्पलाइनवर एक बाई गोड आवाजात थांबायला सांगत राहिली.

तिनं नवऱ्याला फोन लावला. वसंत नेपानगरच्या कागद कारखान्यात ड्यूटीवर होता.

“ती बँक नाही, वंदना,” तो मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाला. “बँकेत निदान साहेबाच्या टेबलापुढे जाऊन रडता येतं. ह्यांचं दार कुठंय?”

तेवढ्यात गिरधरकाकांचा पुन्हा फोन आला. त्यांच्याकडे स्वतःचं बँकेचं कार्ड होतं, खात्यात केळीचे पैसेही होते. पण ते कार्ड परदेशासाठी चालू करायचं तर ओटीपी लागणार, आणि तो येणार त्यांच्या इथल्या नंबरवर. तो फोन ते जैनाबादला बायकोपाशी ठेवून गेले होते.

“मग काकूंना विचारा ना!”

“कट करते ती. मी येईपर्यंत कुणाचाच फोन उचलायचा नाही असं मीच शिकवलं तिले. तू जाय, पोरी. लवकर जाय.”

वंदनानं स्कूटर काढली. तापीचा पूल कधी मागे गेला ते तिला कळलं नाही. जैनाबादला आईच्या घरावरून जाताना तिनं मान वळवली नाही. आई दारात असती, तर तिला काय सांगणार होती?

काकांच्या अंगणात गोदाबाई गहू निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी कमरेच्या पिशवीतला साधा फोन काढला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“कुणालाच सांगायचं नाही, म्हनले व्हते ते. कुणालाच म्हंजे कुणालाच.”

“काकू, मी वंदना आहे. तुमच्या मांडीवर खेळलेली.”

“त्या शेजारच्या लोटूले त्याच्या सख्ख्या भाच्याच्या आवाजात फोन आलता, माय. सगळं खातं पुसून गेलं. मले भ्याव वाटते.”

वंदनानं आपल्या मोबाइलवर काकांना व्हिडिओ कॉल लावून काकूंपुढे धरला. काका दिसले. मागे पांढरी भिंत, कुणीतरी परक्या भाषेत बोलत होतं.

“गोदा, वंदूले नंबर वाचू दे!”

गोदाबाईंनी पडद्याकडे निरखून पाहिलं. “आता तोंडंबी खोटी बनवतात म्हने.”

“अवं, वंदूचा बाप, लीलाधर, मरून जाईन इकडे!”

वंदनाला वाटलं, तो फोन हिसकावून घ्यावा. तिचा हात पुढे झालाही. पण गोदाबाई पडद्याशीच बोलत होत्या, अगदी हळू.

“आपली पयली पोर गेली, तव्हा तिले कशात नेलं व्हतं? सांगा.”

वंदनानं काकूंकडे पाहिलं. या घरात कधी मुलगी होती, हे तिला ठाऊकच नव्हतं.

“माह्या रुमालात,” काका म्हणाले. “केळीच्या चिकाचे डाग व्हते त्याच्यावर. तू म्हनली, धुतलेलं तरी घ्या. मी तसाच निघालो.”

गोदाबाईंनी छातीवरचा फोन खाली घेतला आणि वंदनापुढे धरला. “वाच, माय. मले वाचता येत नाही.”

काकांनी नवा ओटीपी मागवला; वंदनानं आकडे वाचले. तिची जीभ अडखळली, पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग पडद्यावर नुसतं छत, धावणारे पाय, आवाज. आणि काकांचा श्वास: “घेतलं! मशीननं घेतलं! चालले त्याले घेऊन.”

वंदना गव्हाजवळच बसली.

फोन पुन्हा वाजायला दोन तास गेले. काकू गहू निवडत होत्या, पण खडा कुठला आणि दाणा कुठला हे बोटांना कळत नव्हतं. मग काका दिसले. डोळे लाल, पण चेहरा सैल.

“काळजाच्या नसेत नळी बसली. बोलला तो. पानी मागतोय.”

वंदनाला रडू फुटलं. आईला सांगायला ती उठली, काकूंच्या हातातल्या आपल्या मोबाइलसाठी तिनं हात पुढे केला. गोदाबाईंनी तो दिला नाही.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या, आणि फोन घेऊन परसात गेल्या. परसामागे उतार होता, उताराखाली तापी.

“बाईमानसानं मातीले येऊ नाही, म्हनून मले तव्हा नेलं नाही तुम्ही,” त्या पडद्याला म्हणाल्या. “मंग कधी सांगितलंबी नाही. मीबी पुसलं नाही. आज दाखवा, तिले कुठं ठेवलं.”

वंदनानं मागून येऊन हलकेच कॅमेरा नदीकडे वळवून दिला. गोदाबाईंनी फोन डोक्याइतका उंच धरला.

काकांनी नदीचा काठ न्याहाळला. मग ती जागा दाखवायला त्यांनी आपल्या पडद्यातल्या नदीकडे बोट नेलं. ते जाड, भेगाळलेलं बोट जवळ जवळ येत गेलं, आणि गोदाबाईंच्या हातातला सगळा पडदा त्यानंच भरून गेला.