नत्थूजींचा एक शेअर

पोरगा कंपनीत कुठवर चढला, हे नागपुरातल्या नत्थूजींना शेअर बाजाराच्या वेबसाइटवरून कळायचं. बड्या साहेबांनी स्वतःच्या कंपनीचे शेअर विकले, की तिथे नाव-हुद्द्यासकट जाहीर व्हायचं. अभिजीत मॅनेजरचा उपाध्यक्ष झाला, तेही तिथेच वाचलं. फोन मात्र वर्षभर आला नव्हता. मग नत्थूजींनी त्याच कंपनीचा एक शेअर घेतला. चौथ्या दिवशी फोन वाजला. “बाबा, तिमाही निकालाआधी अधिकाऱ्यांच्या घरच्यांनी शेअर घ्यायचे नसतात! मला नोटीस आली. कशाला घेतलात?” “शेअरवाल्याले कंपनीचं पुस्तक भेटते म्हणे गा. त्यात तुझा फोटो राहते.” अभिजीत घाईत म्हणाला, “परत घेऊ नका. मीटिंग आहे, ठेवतो.” नत्थूजींनी त्याच फोनवर पुढच्या निकालाची तारीख शोधली, आणि बंद हातमागाला अडकवलेल्या कॅलेंडरवर तिच्या चार दिवस आधी पेन्सिलीनं लिहून ठेवलं: ‘एक शेअर घेणे.’