कॅमेऱ्याची गोधडी

"अजून एक खट्ट आलं ना, तर तू आणि तुझा डबा, दोघं चालत बदलापूरला," कल्पेश म्हणाला. हे बोलताना त्याने कानांवरचे हेडफोनही काढले नाहीत. आवाजात राग नव्हता, म्हणूनच यशोधराला ते खरं वाटलं.

कल्पेश सिनेमाचा आवाज धरायचा. यशोधरा त्याच सिनेमाचे फोटो काढायला आली होती. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, पाड्यावरच्या एका सारवलेल्या अंगणात त्यांनी खोटं मरण मांडलं होतं. ते मरण दोनदा रंगात आलं आणि दोनदा तिच्या कॅमेऱ्याने मोडलं. कॅमेरा जुना, आरशाचा. बटण दाबलं की आतला आरसा उडायचा आणि खट्टकन बोलायचा. लग्नाच्या हॉलमध्ये ते कुणाच्या बापाला ऐकू येतं? इथे मात्र मुलगी झालेली सई आईच्या मढ्याशी बसून हुंदका गिळत होती, आणि कल्पेशला त्या गिळण्याचाही आवाज हवा होता.

"मागाहून पोझ देऊन काढू का, ताई?" तिने दिग्दर्शिकेला, अनुयाला, विचारून पाहिलं.

"पोझ दिली की सई रडण्याचं नाटक करते. टेकमध्ये ती रडते. पोस्टरला मला रडणं पाहिजे." अनुयाने घड्याळ पाहिलं. "फोटो पाहिजे आणि शांतताही पाहिजे. जमत नसेल तर आत्ताच सांग, उद्यापासून दुसरं कोणीतरी बघते."

दुसरं कोणीतरी. घराजवळच्या, कॅम्प पाचच्या बुद्धविहारात आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरीचं नाव पडद्यावर येणार म्हणून.

यशोधराने पिशवीतून ती गोष्ट काढली. सकाळपासून लाजेने काढली नव्हती. शेजारच्या शीलाताई जीन्सच्या कारखान्यात खिसे शिवायच्या. उरलेल्या तुकड्यांची त्यांनी कॅमेऱ्याला गोधडी शिवून दिली होती. बाहेर जीन्स, आत स्पंजचे तीन थर, भिंगापुरतं एक भोक आणि हात घालायला दोन बाह्या.

"काय गं, कॅमेऱ्याला हिवताप भरला?" कल्पेश म्हणाला. अंगण हसलं. तीही हसली आणि कॅमेरा गोधडीत सरकवला.

सगळ्यात मोठ्याने हसली ती मढं झालेली गयाबाई. सिनेमातली मेलेली आई व्हायला पाड्यावरची एकही बाई तयार नव्हती. सगळ्या पदर तोंडाला लावून मागे सरल्या, तेव्हा गयाबाईच पुढे झाली होती. "मना निजवा. लावणीत वाकून वाकून कंबर गेली. तेवढंच आडवं पडाया गावंल." आणि निजली ती अशी, की दोन्ही टेकमध्ये तिची पापणीसुद्धा लवली नाही. असं मढं मुंबईत मिळत नाही, असं अनुया दोनदा म्हणाली होती.

"चला रं बाबांनो," गयाबाई तिरडीवर आडवी होत म्हणाली, "मना परत मारा."

नाकात कापूस घातला. कपाळावर गुलाल, अंगावर पांढरं कापड. बायका भोवती बसल्या. यशोधरा गयाबाईच्या उशाशी, पहिल्या दोन वेळी होती तिथेच, गुडघ्यांवर टेकली आणि हात बाह्यांत घातले.

"ॲक्शन."

सईने आईच्या पायांवर डोकं टेकलं. अंगण गप्प झालं. झाडावरची पाखरंसुद्धा जशी दम धरून बसली. यशोधराला आपल्या छातीची धडधड ऐकू येत होती, आणि वर टांगलेला माइक तीही टिपेल असं तिला वाटत होतं. सईचा खांदा हलला. हाच तो क्षण. तिने डोळे मिटून घेतले आणि बटण दाबलं.

तळहाताखाली आरसा उडाला. कानाला काहीच लागलं नाही.

तिने पुन्हा दाबलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. कल्पेशची मान वळली नाही. गोधडीत तिचे हात घामाने भिजले होते. शीलाताईंच्या बोटांना तिने मनातल्या मनात हात जोडले. बायकांनी सूर धरला, हलका, लांबलचक, माहेरच्या वाटेवर कुणाला हाक मारावी तसा.

तेवढ्यात भिंगातून तिला दिसलं, गयाबाईची पापणी थरथरली.

मग ओठ. मग नाकातला कापूस आत-बाहेर होऊ लागला. आवाज झिरपतोय, यशोधराला वाटलं. कल्पेशला नाही, पण इतक्या जवळ निजलेल्या हिला येतोय. ही आता उठते, आणि आपलं संपतं. तिने बटणावरचं बोट उचललं.

गयाबाई किंचाळली. कापडासकट ताडकन उठून बसली. सई मागच्या मागे कोलमडली, बायका ओरडत भिंतीकडे पळाल्या, एकीने तर देवाचं नाव घेत मुठीत माती धरली.

"कट! कट!"

सगळ्यांच्या नजरा गोधडीवर आल्या. "मी..." यशोधरा अनुयाकडे वळली. "ताई, खरंच सॉरी. माझ्या खटक्यानेच..."

"नाही." कल्पेशने दिवसात पहिल्यांदा हेडफोन काढले. त्याचाही चेहरा उतरला होता. "माझ्या कानात काहीच आलं नाही. इतकं साफ आजवर कधी मिळालं नव्हतं."

गयाबाई लटलट कापत होती. तिने हात मागे नेऊन चाचपडलं आणि यशोधराचं मनगट जीन्ससकट घट्ट धरलं.

"दोन येळा ही बाय उशाशी खट्ट खट्ट करीत व्हती, तं मना ठावं व्हतं, फोटूच चाललाय," ती म्हणाली. "आता समद्या रडतान, आन् खट्ट काय वाजंना. मना वाटलं, मी खरीच मेली."