सहीचा नमुना

कंत्राटदाराची मुलगी अकरा वाजता येणार होती. बँकरनं दहापासून काचेचं टेबल तीनदा पुसलं, पाण्याचा ग्लास डावीकडून उजवीकडे ठेवला आणि परत डावीकडे आणला.

निवृत्तीला चार दिवस उरले होते. एकूण नोकरीवर तो खूश होता. ज्यांचं नाव निघालं की लोक आवाज खाली करतात, अशा बड्या मंडळींचा पैसा त्यानं तीस वर्षं सांभाळला होता. बायको म्हणायची, "पेपरातले निम्मे लोक आपल्या ओळखीचे, आणि घरी जेवायला बोलावण्यासारखा त्यांत एकही नाही." तो नुसता हसायचा. ग्राहकाबद्दल बोलायचं नाही आणि ग्राहकाचं पत्र फोडायचं नाही, हे त्याचं ब्रीद.

पत्रांचं असं होतं, की या मंडळींना घरी टपाल नको असतं. ते बँकेच्या कपाटात राहतं आणि ग्राहक येईल तेव्हा घेऊन जातो. कंत्राटदाराचं कपाट सगळ्यांत गच्च. तो कागदाला हातच लावायचा नाही. "वाचत काय बसायचं? तू सांग," म्हणायचा. चष्मा कायम घरी विसरलेला. सही मात्र दागिना घडवावा तशी करायचा, सावकाश, जिभेचं टोक ओठांत धरून. मागे चिटोरंही न ठेवणारा इतका सावध माणूस बँकरनं दुसरा पाहिला नव्हता.

मग त्यानं बांधलेला पूल पडला. माणूस दगावलं नाही, पण चौकशी लागली आणि कंत्राटदार देश सोडून गेला. पोलीस घरच्यांना छळतील म्हणून त्यांनाही ठावठिकाणा सांगितला नाही. वर्षातून दोनदा बँकरला फोन करायचा, तेवढाच.

तीन महिन्यांनी बँकेच्या पत्त्यावर मुलीचं पत्र आलं. पुढच्या फोनवर बँकरनं तसं सांगितलं.

पलीकडे कंत्राटदारानं घसा खाकरला. मग, "काय लिहिलंय?"

"शेठ, मी ग्राहकांची पत्रं फोडत नाही," बँकर ताठ मानेनं म्हणाला. "पत्ता द्या, पाठवून देतो."

"नको. कागद नको. ठेव तुझ्याकडे."

याला काळीज आहे की काँक्रीट, असं बँकरला वाटून गेलं.

दुसरं पत्र तसंच कपाटात गेलं. तिसऱ्या पाकिटावर 'फार तातडीचं' असं लिहिलं होतं, आणि त्या दिवशी ब्रीद मोडलं. पुढच्या आठवड्यात मुलीचं मोठं ऑपरेशन होतं. बाबांचा एक शब्द आला तर धीर येईल, एवढंच तिचं मागणं. कंत्राटदाराचा फोन यायला अजून चार महिने होते.

बँकरनं सहीच्या नमुन्याचं कार्ड काढलं. त्यातल्या अक्षरांची वळणं पाहून बाकीची अक्षरं बेतली आणि लिहिलं, "घाबरू नकोस. मी आहे." खाली हुबेहूब सही.

मुलगी बरी झाली आणि तिनं उत्तर धाडलं. त्या उत्तराला उत्तर गेलं. बघता बघता अकरा वर्षं झाली. बँकरला मूलबाळ नव्हतं, पण तिच्या लेकीचा कोणता दात कधी पडला हे त्याला तोंडपाठ होतं. तो आपल्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल लिहायचा, गच्चीतल्या लिंबाच्या झाडाबद्दल लिहायचा. ही लबाडी आहे हे त्याला कळत होतं. नोकरीत लबाड्या बऱ्याच पाहिल्या, पण इतकं सुख देणारी हीच एक.

कंत्राटदार फोनवर विचारायचा, "पत्रं येतात का अजून?"

"येतात."

"जपून ठेव."

पाकिटं फोडल्याचं सांगायला बँकरची जीभ रेटत नव्हती.

गेल्या महिन्यात कंत्राटदार परमुलखातच वारला. आज मुलगी वारस म्हणून सह्या करायला येत होती. बापाच्या फाइलीतलं ते कार्ड पाहून तिला शंका आली, की खेळ खलास. पेन्शन गेली तर एक वेळ चालेल. पण आत्ता कुठे बाप गेलेल्या पोरीचा पत्रांतला बापही जाईल, ही खरी धास्ती होती.

ती वेळेवर आली. कपाळ बापासारखंच रुंद. प्रत्येक कागद नीट वाचून तिनं सही केली. मग पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. बँकरनं पाण्याचा ग्लास पुन्हा उजवीकडे सरकवला.

"माझ्या पत्रांबद्दल बाबा काही विचारायचे?"

"येतात का, एवढं विचारायचे. जपून ठेव म्हणायचे."

डोळे पुसून ती म्हणाली, "गुडघा कसा आहे तुमचा, काका?"

बँकरनं ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "कधी कळलं?"

"पहिल्याच पत्राला."

"मग एवढी वर्षं..."

"मला हवी होती ती पत्रं. कुणीतरी मनापासून लिहीत होतं."

बँकरला हायसं वाटलं. तरी आपल्या कारागिरीचा थोडा अभिमान त्याला सोडवेना. "चुकलं कुठे पण? वळण तर मी नमुन्याच्या कार्डावरून अगदी तंतोतंत..."

"अक्षर छान आहे हो, अगदी बाबांच्या सहीसारखं. तिथंच चुकलं," ती हसली. "मी पत्रं धाडायचे ती या आशेनं, की बँकेतलं कुणीतरी बाबांना वाचून दाखवील. सही आईनं शिकवली होती, सहा महिने खपून. तेवढी सोडली, तर बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं."