गोळ्या चालू आहेत तोवर

"मान खाली नको घालूस. सूर्याकडे बघ सरळ," मालनबाई म्हणाल्या.

वैजयंतीनं मान वर केली आणि डोळे गच्च मिटले. हैदराबादेतल्या जामबागच्या त्या गच्चीवर सावली म्हणून नव्हती. पौषातला रविवार, अनवाणी पाय, हातात पाण्यानं भरलेला तांब्या, आणि गाल असे पेटलेले, जणू कुणी मिरची चोळली. नाकाचा शेंडा, गालांची हाडं, हातांच्या पाठी, सगळं काळवंडलं होतं. गोरी ती कधीच नव्हती, पण हा रंग तिचा नव्हता.

डाग दिसले त्याच दिवशी सासूबाईंनी निदान करून टाकलं होतं. कातडीचं दुखणं म्हणजे सूर्याचा कोप. मग उपाय काय, तर त्याच सूर्याची विनवणी! मागच्या रविवारी सुनेला उभं केलं, डाग वाढले. म्हणून या रविवारी आणखी जास्त वेळ. आता बोला!

"आई, फार आग होतेय हो."

"होणारच. दोष बाहेर पडतोय."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मालनबाई स्वतः डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या.

शेजारच्या गच्चीवर सत्यवती कपडे वाळत घालत होती. वैजयंतीला ती तेलुगूत 'वदिना', म्हणजे वहिनी, म्हणायची. कठड्यावरून वाकून तिनं विचारलं, "अय्यो वदिना, मुँह कैसा हो गया जी तुम्हारा!"

"कुछ नहीं, व्रत है," मालनबाईंनी परस्पर उत्तर दिलं. सत्यवती पुन्हा बादलीकडे वळली.

जिन्याच्या दारात, आतल्या बाजूला, प्रताप चहा पीत उभा होता. मालनबाईंचा लेक, वैजयंतीचा नवरा. राज्याचे दोन तुकडे झाले आणि त्याचं ऑफिस विजयवाड्याला गेलं. तेव्हापासून सोमवारी पहाटे निघायचं, शुक्रवारी रात्री सिकंदराबादला उतरायचं. मधले दिवस तिकडे खोली घेऊन राहायचं. सुट्टीच्या दिवशी घरातसुद्धा त्यानं लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, मनगटाची बटणं लावून. बायकोकडे बघत होता.

"प्रताप, ये इकडे," मालनबाईंनी हाक मारली. "तूही हात जोड. बदली परत हैदराबादला होऊ दे म्हण."

"नक्को आई. इथूनच जोडतो."

"दारातून का कुणी देवाला हात जोडतं? चल!" त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि लहानपणी ओढायच्या तसं त्याला बाहेर ओढलं. कपातला चहा हिंदकळला. मानेवर ऊन पडलं मात्र, प्रताप ओरडलाच.

"सोड गं! गोळ्या चालू आहेत तोवर उन्हात जायचं नाही म्हणालेत डॉक्टर! ते औषध कातडीत मुरतं, ऊन लागलं की भाजून निघतं!"

वैजयंतीनं डोळे उघडले.

"कसल्या गोळ्या?"

प्रतापनं शर्टाची कॉलर मानेवर ओढून धरली.

"मला आणून दिल्यात त्या? ओटीपोटात दुखतंय म्हटलं तर ताकदीच्या म्हणून दिल्यात, त्याच?"

"दोघांनी घ्याव्या लागतात," तो फरशीकडे बघत म्हणाला. "एकट्यानं घेऊन उपयोग नाही. पुन्हा होतं."

नवऱ्याबरोबर बायकोलाही घ्यावं लागणारं औषध कसल्या दुखण्यावर असतं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. आपल्याला ते कुणाकडून आलं आणि त्यानं ते कुठून आणलं, तेही कळलं. पण सगळ्यांत जास्त झोंबलं ते दुसरंच. या माणसाला माहीत होतं. त्यानं स्वतःची मनगटं झाकून घेतली होती. आणि मागच्या रविवारी याच दारात उभं राहून तिला भाजताना पाहिलं होतं. तोंड उघडलं असतं तर आईनं विचारलं असतं, गोळ्या कशाच्या? एवढ्यासाठी. 

"तुम्हाला ठाऊक होतं! मी इथं जळत होते आणि तुम्ही चहा पीत होतात?"

"हळू बोल," मालनबाई पुटपुटल्या. "ती सत्यवती तिकडेच आहे." त्यांनाही सगळं कळलं होतं. न कळायला त्या काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. डोक्यावरचा पदर काढून त्यांनी तो लेकाच्या मानेवर धरला. "पुरुषमाणूस पाच-पाच दिवस घराबाहेर राहतो. सरकारनं राज्य तोडलं, त्याला तो तरी काय करणार? तू आपलं अर्घ्य पुरं कर. व्रत अर्धं सोडू नये."

वैजयंतीनं तांब्यातलं पाणी स्वतःच्या तोंडावर ओतलं. सगळं. मग तांब्या कठड्यावर ठेवला, दोघांच्या मधून वाट काढत जिन्यात शिरली आणि आतून दाराला कडी घातली.

खाली येऊन ती पंख्याखाली बसली.  मग वरचं दार वाजायला लागलं, बोटांच्या पेरांनी, अगदी हलकेच. "वैजू... अगं वैजू, उघड ना," मालनबाई दाराच्या फटीला तोंड लावून कुजबुजत होत्या.

मोठ्यानं हाक मारायची सोय नव्हती. पलीकडे सत्यवतीची बादली अजून अर्धी भरलेली होती.