खिडकीतलं बाळ

भट्टीतून काढलेला काचेवरचा चेहरा अजून कोमट होता. तिनं तो दोन बोटांत धरून काचेच्या टेबलावर ठेवला आणि खालचा दिवा लावला. बाळाचे गाल उजळले. सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, वाकून बघितलं, पुन्हा वर चढवला.

“झकास. उद्या बसवून टाक.”

“बाबा, आजींना सांगायला हवं. त्यांचं बाळ आहे ते.”

“काय सांगणार? चर्चची खिडकी, तीन पुरुष उंच. तिथं नाक कुठं नि कान कुठं, कोणाला कळतंय? त्यातून म्हातारीला धड दिसत नाही.” एवढं बोलून ते चहाच्या शोधात आत गेले. सांगायचं असेल तर तू सांग, मला मध्ये घेऊ नकोस, असाच त्याचा अर्थ होता.

खिडकी उतरवली होती ती शिसं थकलं म्हणून. काचा धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वाकल्या होत्या, आणि आईच्या मांडीवरच्या बाळासकट अख्ख्या चित्राला पोट सुटलं होतं. काच सुटी करण्याआधी फोटो काढायचा, ही या कारखान्यातली पहिली शिस्त. पण त्या दुपारी टेबलाखाली निजवलेलं तिचं पोर उठून भोकाड पसरू लागलं. फोटो नंतर काढू म्हणून तिनं घाईघाईनं पट्टी उकलली. पोरानं ॲप्रन धरून ओढलं. चेहरा फरशीवर पडला.

नवा तिनं आठवेल तसा रंगवला होता.

बाहेर काठी वाजली. “किती पायऱ्या चढायला लावता गं! म्हातारीला मारूनच टाका एकदाचं. कुठंय माझा लबाड?”

आजी स्टुलावर बसल्या. दम खाल्ला. मग टेबलावर इतक्या वाकल्या, की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली. ती त्यांनी बोटानं पुसली.

“वेगळा दिसतोय.”

“धूळ गेली ना आजी,” ती पटकन म्हणाली. “धुतल्यावर काच जरा वेगळीच दिसते.” आपलाच आवाज तिला कुणा दुकानदाराचा वाटला.

“असेल बाई.” आजींचं बोट काचेवरून हललं नाही. “फोटो काढायचा राहूनच गेला आमचा. हे म्हणायचे, दात येऊ देत, मग काढू. चित्र काढणारा घरी आला तेव्हा तो… फुलांत निजवलेला होता. मी म्हटलं, डोळे उघडे काढा हो. तर तो म्हणे, कसे काढू, मी पाहिलेत कुठं? मग माझ्यासमोर बसून माझे डोळे काढले त्यानं. तेच चित्र खिडकीत उतरलं.” त्यांचं बोट काचेतल्या डोळ्यांवर आलं. “हे माझे नाहीत.”

टेबलाखाली खुडबुड झाली. पोर रांगत बाहेर आलं, आजींच्या काठीला धरून उभं राहिलं आणि आपण केवढा पराक्रम केला म्हणून हसलं. डाव्या गालावर खळी पडली.

आजींनी पोराकडे बघितलं. काचेतल्या बाळाकडे बघितलं. तिथंही डाव्या गालावर एक बारीक, तपकिरी सावली होती. ती आपण कधी काढली, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

“आजी, फुटला तो.” तिनं सांगून टाकलं. “माझ्या हातून. इथंच, फरशीवर. मी खोटं बोलले तुमच्याशी.”

“इथं?” आजींनी खाली बघितलं. “अगं मग पोराला उचल आधी! अनवाणी आहे ते.”

तिनं पोराला कडेवर घेतलं. त्याची पावलं मुठीत धरून ठेवली. फरशी कितीदा झाडली होती, पुसली होती, तरीही.

“छान आहे गं तुझा,” आजी टेबलाकडे बघत म्हणाल्या. “बसव त्याला वर. माझं बाळ आता मला दे.”

खणात कापसात गुंडाळलेले तुकडे होते. टाकायचा धीर तिला झाला नव्हता. तिनं एकेक तुकडा आजींच्या ओंजळीत ठेवला. डोळ्यांचा तुकडा शाबूत होता. तो शेवटी ठेवला.

“कापसासकट न्या ना. लागेल हाताला.”

“लागू दे.”

आजी उठल्या. काठी स्टुलाला टेकलेली तशीच राहिली. ओंजळ पुढं धरून, पायानं चाचपत त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. दोन्ही हात गुंतलेले होते.

कडेवरचं पोर सावरत ती पुढं झाली आणि तिनं दार उघडलं.