राक्षसगडचा दुसरा भाग

“माय, दादा आला!”

दुर्गेश्वरी ओरडली तशी धनवंता चुलीपुढून उठून धावत आली. मोबाईलच्या पडद्यावर हिरवा ठिपका लागला होता. ठिपक्यापुढं नाव होतं, रानडुक्कर.

“हाच का वो?”

“हाच, माय. दादाचा गडी. दादाच्या मोबाईलातच राहते हा. तो मोबाईल सुरू झाल्याबिगर दिसतच नाही.”

धनवंता मोबाईलपाशी खाली बसली. पदरानं तोंड दाबून ती आधी हसली आणि मग रडली. लेक जिवंत होता.

धनेंद्र हैदराबादला मिस्त्रीच्या हाताखाली कामाला गेला होता. पहिली दिवाळी घरी करून परत गेला, आणि पुढच्या दिवाळीआधी त्याचा मोबाईल बंद झाला. बाप चैनलाल शोधायला जाऊन आला. “नाही सापडला,” एवढंच म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. तेव्हापासून तो घरात कमी आणि शेतात, धानाच्या बांधीतच जास्त दिसायचा. बापाचं काळीज दगडाचं, असं सख्खी भावजय त्याला तोंडावर बोलली. त्यानं तेही ऐकून घेतलं.

घराची सगळी आशा मग एका खेळावर येऊन टेकली. हसू येण्यासारखंच आहे ते, पण आशेला कुठं कळतं, शोभतं काय आणि शोभत नाही काय. राक्षसगड नावाचा हा मोबाईलवरचा खेळ. एक योद्धा घ्यायचा, तलवार चालवत राक्षस कापत सुटायचं. कापाल तितकी त्याची ताकद वाढते. दोघं बहीणभाऊ ओट्यावर पाठीला पाठ लावून खेळायचे. धनेंद्र वाट्टेल तसा घुसायचा. पडद्यावर पिकाचं शेत आलं तरी मधूनच. चैनलाल मागून डाफरायचा, “रानडुक्कर आहेस का बे? उभं पीक तुडवून राहिला!” पोरानं हसत हसत तेच नाव आपल्या योद्ध्याला देऊन टाकलं. शेवटचा निघाला तेव्हा बहिणीला म्हणाला होता, याचा दुसरा भाग येऊ दे, जिथं असीन तिथून पहिल्याच दिवशी येतो.

धनवंतानं हे बोलणं मनाशी घट्ट धरून ठेवलं. नातेवाईक म्हणायचे, आता विधी उरकून टाका. ती म्हणायची, त्या खेळाचा दिवस येऊ द्या. एकदा जेवताना, मीठ मागावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, “त्या दिवशी नाही आला, तर मंग मले बी राहून का करायचं हाय?” चैनलालचा घास हातातच राहिला. ती बोलली ते करणारी बाई होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढं दोन-चार दिवसांनी त्यानं मुलीला विचारलं, “हा नवा खेळ मोबाईलात आणते कसा वो?” म्हातारपणी राक्षस मारता का, असं चिडवत तिनं त्याला सगळं दाखवलं. तो बराच वेळ पाहत बसला.

आज तो दिवस होता. दिवेलागणीला चैनलाल बांधीतलं पाणी पाहून येतो म्हणून बाहेर पडला, आणि थोड्याच वेळात हिरवा ठिपका लागला.

दुर्गेश्वरीनं आपला योद्धा पळवत रानडुकरापाशी नेला. “दादा, कुठं आहेस?” तिनं लिहिलं. उत्तर आलं नाही. समोर खेळातलं गाव होतं, गावाभोवती उभं पीक, आणि पिकात राक्षस. ती सरळ आत घुसली. रानडुक्कर घुसला नाही. तो बाजूला वळला आणि शेताच्या कडेच्या बांधावरून, धुऱ्यानं चालू लागला. कोपरा आला तसा वळला. पुन्हा धुऱ्यानंच निघाला. राक्षस त्याला बडवत होते, तो मार खात होता, पण पिकात पाय टाकत नव्हता.

दुर्गेश्वरी खेळायची थांबली. असं चालणारा माणूस ती जन्मापासून पाहत आली होती.

“काऊन वो, का झालं?”

“रेंज जाऊन राहिली, माय. बाहेर जाऊन पाहू दे.”

गोठ्यामागं तणसीच्या ढिगाआड चैनलाल उकिडवा बसला होता. त्याच्या हातातल्या मोबाईलची काच कोपऱ्यात फुटलेली होती, आणि मागं तिनंच कधीतरी चिकटवलेला मोर होता. तो अंगठ्यानं पडदा दाबत होता, नको तिथं, नको तितका जोरात.

“बाबूजी, हा दादाचा मोबाईल. तुमच्यापाशी कुठून आला?”

त्यानं वर पाहिलं नाही. “हैदराबादच्या दवाखान्यात देल्ला. त्याच्या कपड्यांसंगं.” मग म्हणाला, “एकट्यानंच जाळून आलो, बाई.”

तिला आधी राग आला, रडू नंतर. इतके दिवस हा माणूस रोज त्यांच्यासमोर जेवला होता. ती काही बोलणार तोच घराच्या दारातून धनवंतानं हाक मारली. कित्येक महिन्यांत तिचा आवाज एवढा मोकळा झाला नव्हता.

“दुर्गा वो! विचार ना त्याले, जेवला का म्हणून!”

चैनलाल मुलीकडं पाहत राहिला. पडद्यावर रानडुक्कर मरायला टेकला होता. दुर्गेश्वरी बापाशेजारी खाली बसली. तिनं त्याचा अंगठा धरला आणि तलवारीच्या खुणेवर नेऊन ठेवला.

“हो माय,” ती ओरडून म्हणाली, “जेवला म्हणते.”